पाव अंशाची फट

द्वारका चौकात पुणे रस्ता मुंबई-आग्रा रस्त्याला मिळतो. इथून एक वाट नाशिकरोडला जाते, एक आडगाव-ओझरकडे, एक सिडको-पाथर्डी फाट्याकडे आणि एक सारडा सर्कलवरून जुन्या नाशकात. शहराच्या कुठल्याही टोकाला नवा फ्लॅट सजत असला, तरी त्याच्या कपाटांचा प्लाय, सनमायका आणि मिस्त्रींची यंत्रं यांना या चौकातली कोंडी सहसा चुकत नाही. आठ बाय चारचे तक्ते टेम्पोतून उतरतात, जिन्यावरून वर चढतात आणि कुणाच्या तरी रिकाम्या हॉलमध्ये कापले जातात. तिथे कापाच्या कडेला ढलप्या निघाल्या किंवा चौकटीचा कोपरा उघडा राहिला, की कारण म्हणून तीन गोष्टी ठरलेल्या असतात: पातं बोथट झालं, यंत्र स्वस्तातलं आहे, नाहीतर कारागिराचा हात कच्चा आहे. ही कारणं खोटी नाहीत, पण ती दुसऱ्या क्रमांकाची आहेत असं माझं मत आहे. काप अचूक येतो तो पातं, बाजूची गाइड आणि लाकूड यांची एकमेकांशी जागा नीट लावलेली असली तर. आणि तो स्वच्छ येतो तो दात जिथून बाहेर पडतो तिथे लाकडाच्या तंतूंना आधार असला तर. या दोन्ही गोष्टी बटण दाबण्याआधी ठरून गेलेल्या असतात, आणि दोन्हींना पैसे जवळजवळ लागत नाहीत.

आज हे इतकं महत्त्वाचं का झालं, हे कळायला जुन्या नाशकातल्या वाड्यांचं लाकूडकाम बघावं. त्या सागवानी चौकटींना, तुळयांना करवत लागली होती, पण करवतीचा काप कुठेही शेवटचा नव्हता. करवतीने रेघेच्या थोडं बाहेर कापायचं, मग रंध्याने रेघेपर्यंत यायचं, कुसू पटाशीने तासून भोकात बसवायचं. करवतीची चूक पुढच्या हत्यारात जिरत असे. प्लाय आणि सनमायका आल्यावर हा मधला टप्पा गेला. प्लायचा वरचा थर बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्यावर रंधा चालवणं म्हणजे तो थरच उडवणं. सनमायका लावलेल्या कडेची कपची उडाली तर ती परत येत नाही. म्हणजे पूर्वी तीन हत्यारांमध्ये वाटलेली जबाबदारी आता एकट्या करवतीवर आली आहे. यंत्र बदललं, सामान बदललं, पण यंत्र लावण्याची शिस्त मात्र अजून ‘पुढे साफ करून घेऊ’ याच जुन्या भरवशावर चालते. तो पुढे साफ करणारा हात आता कामात उरलेला नाही.

आधी स्वच्छतेकडे बघू. बोथट पात्याचं कारण खरं असतं, तर एकाच पात्याने केलेले सगळे काप सारखेच खराब यायला हवे होते. तसं होत नाही. प्लायच्या वरच्या थराच्या रेषा बहुधा आठ फुटांच्या दिशेने धावतात. त्या दिशेने उभा काप घेतला तर कड बऱ्यापैकी साफ येते. त्याच तक्त्याला त्याच पात्याने आडवं कापलं, की तंतू उचकटून ढलप्या निघतात. शिवाय आडव्या कापातही एक बाजू स्वच्छ असते आणि दुसरी फाटलेली. टेबल सॉवर वरची बाजू चांगली येते, कारण दात वरून खाली लाकडात शिरतो आणि खालच्या बाजूने बाहेर पडतो. हातातल्या गोल करवतीत दात खालून वर येतो, म्हणून तिथे वरची बाजू फाटते. पातं तेच, धार तीच. फरक फक्त दात कुठून बाहेर पडतो याचा. आत शिरताना तंतूमागे अख्खं लाकूड उभं असतं. बाहेर पडताना मागे हवा असते, आणि तंतू कापला जाण्याऐवजी ढकलला जाऊन तुटतो. म्हणूनच टेबल सॉवर तक्त्याची चांगली बाजू वर ठेवावी आणि हातातल्या करवतीला ती खाली. ही एवढी एक सवय लागली, तरी निम्म्या ढलप्या दिसणाऱ्या बाजूवरून जातात.

उरलेल्या निम्म्यांसाठी बाहेर पडणाऱ्या दाताला आधार द्यायचा. टेबल सॉच्या पात्याभोवतीची चीर नेहमी गरजेपेक्षा रुंद असते. तिच्या जागी एमडीएफची पट्टी बसवून चालू पातं हळूहळू तिच्यातून वर आणलं, की बरोबर पात्याच्या जाडीएवढीच चीर तयार होते आणि तंतूंना अगदी कडेपर्यंत टेकू मिळतो. माइटर सॉवर लाकडामागे आणि खाली टाकाऊ प्लायचा तुकडा ठेवला की तेच साधतं. कागदी टेप लावण्याची रीत सगळीकडे आहे, तिचा थोडा उपयोगही होतो. पण कापाच्या रेघेवर धारदार चाकूने आधीच ओरखडा मारला तर तंतू दात पोचण्यापूर्वीच कापलेला असतो, आणि हा उपाय टेपपेक्षा कितीतरी पक्का आहे. मोठ्या कारखान्यातली पॅनेल सॉ हेच करते. तिच्यात मुख्य पात्याच्या पुढे एक छोटं पातं उलट दिशेने फिरून सनमायकाची खालची बाजू एक-दोन मिलिमीटर आधीच कापून ठेवतं. लाखो रुपयांच्या यंत्राने जी अडचण दुसरं पातं घालून सोडवली, ती काही आणखी महाग पोलादाने सुटत नव्हती.

पात्याला अर्थातच त्याची जागा आहे. दहा इंची पात्याला २४ दात असतील तर ते रेषेच्या दिशेने उभं चिरण्यासाठी आहे. प्लायच्या आडव्या कापाला ६० ते ८० दातांचं हवं, आणि सनमायका किंवा एमडीएफला एक दात सपाट, एक दात दोन्ही कोपरे छाटलेला, अशा रचनेचं पातं अधिक टिकतं. सागात मुळातच सिलिका असते, म्हणून साग पात्याची धार लवकर खातो. प्लायमधला चिकटवणारा राळेसारखा पदार्थ दातांवर साचतो. पुष्कळदा जे पातं बोथट म्हणून फेकलं जातं ते नुसतं मळलेलं असतं. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून ब्रशने घासलं, की ते पुन्हा कापू लागतं.

अचूकतेचा हिशेब याहून कठोर आहे, कारण इथे चूक साठत जाते. चौकटीला चार बाजू आणि तिरपे काप आठ. यंत्रावरचा काटा ४५ दाखवतो, प्रत्यक्षात पातं पाव अंशाने चुकलेलं आहे. एका कापात हे डोळ्याला दिसत नाही. पण आठ कापांचे आठ पाव मिळून दोन अंश होतात, आणि पहिले तीन कोपरे घट्ट बसवले तर ते सगळे चौथ्या कोपऱ्यात येऊन उभे राहतात. पट्टी ५० मिलिमीटर रुंद असेल तर तिथली फट सुमारे अडीच मिलिमीटरची होते. मिस्त्री त्या शेवटच्या कोपऱ्याशी झगडतो, तोच कापून पाहतो, आणि चौकट आणखी लहान होत जाते. खरी चूक मात्र आठही कापांत सारखी वाटलेली असते. म्हणून यंत्रावरच्या खुणांवर आणि ठरावीक अंशांच्या खाचांवर विसंबू नये. प्लायच्या सरळ कडेला गुण्या लावून एक रेघ मारावी, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी मारावी. दोन्ही एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी त्याची चूक. गुण्याच खोटा असेल, तर त्यावर लावलेलं यंत्र खरं कसं असेल?

याहून बारीक तपासणी हवी असेल तर पाच कापांची रीत आहे, आणि ती मला अतिशय सुंदर वाटते, कारण तिच्यात यंत्र स्वतःच आपली चूक मोठी करून दाखवतं. प्लायचा चौकोनी तुकडा घेऊन एक बाजू कापायची, ती कापलेली बाजू गाइडला टेकवून पुढची कापायची, असं चारही बाजू फिरून पाचव्या वेळी पहिल्याच बाजूची एक अरुंद पट्टी काढायची. त्या पट्टीच्या दोन्ही टोकांची रुंदी कॅलिपरने मोजायची. ४०० मिलिमीटर लांब पट्टीत ०.८ मिलिमीटरचा फरक आला, तर त्याचे चार भाग करून एका कापाची चूक ०.२ मिलिमीटर निघते, म्हणजे अंशाचा सुमारे पस्तिसावा हिस्सा. पाव अंशाची चूक असती तर हाच फरक जवळजवळ ७ मिलिमीटर दिसला असता. एका टाकाऊ तुकड्यात आणि पाच कापांत एवढी माहिती मिळते.

शिवाय नेमका ४५ अंशांचाच हट्टही अनेकदा लागत नाही. फळीवर काटकोनात दोन पट्ट्या पक्क्या ठोकून त्यांच्या मधून पातं जाईल असा घोडा केला, आणि कोपऱ्याचा एक तुकडा डाव्या पट्टीला, दुसरा उजव्या पट्टीला टेकवून कापला, तर एक ४४.८ आणि दुसरा ४५.२ आला तरी बेरीज ९० च होते. समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या असणं मात्र अटळ आहे. कोन खरे असूनही लांबी चुकली तर कोपरा मिटत नाही. त्यासाठी प्रत्येक वेळी टेपने मोजण्याऐवजी एक ठोकळा पक्का लावून दोन्ही तुकडे त्यालाच टेकवून कापावेत. ठोकळ्यापाशी भुसा अडकला तर लांबी तेवढ्याने कमी होते, म्हणून दर कापाआधी तो झटकायला हवा. आपल्याकडचं माप सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि दहा इंची पात्याची जाडीही साधारण तेवढीच. रेघेच्या कोणत्या बाजूला पातं जाणार हे न ठरवता कापलं तर एक सूत तिथेच गेलं. आठ फुटांच्या तक्त्याचे दोन-दोन फुटांचे चार तुकडे कागदावरच होतात. तीन काप जवळजवळ एक सेंटिमीटर लाकूड भुसा करून टाकतात.

टेबल सॉवरची गाइड पात्याला समांतर असणं हा मला सगळ्यात गंभीर मुद्दा वाटतो, कारण तिथे अचूकता आणि बोटं एकाच गोष्टीवर अवलंबून असतात. पात्याच्या एका दातावर खूण करून तो पुढे असताना गाइडपर्यंतचं अंतर मोजावं, पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्यावा आणि पुन्हा मोजावं. अर्थात प्लग काढून. मागचं अंतर कमी भरलं तर लाकूड पातं आणि गाइड यांच्यात चिमटलं जातं. आधी कड जळते, आणि मग मागून वर येणारे दात ते उचलून कारागिराच्या अंगावर फेकतात. दहा इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. त्यात साइटवर चार इंची कटर प्लायखाली उलटा बांधून त्याचंच टेबल करण्याची सर्रास पद्धत आहे. त्याला संरक्षक झाकण नसतं, लाकूड चिमटू नये म्हणून पात्यामागे हवी असलेली पट्टी नसते आणि गाइड म्हणून एक पट्टी दोन शिकंज्यांनी दाबलेली असते. या जुगाडाची गरज मला कळते, पण त्याचं कौतुक मला करवत नाही. तोच कटर सुलटा हातात धरून सरळ कडेच्या पट्टीला टेकवून चालवला तर काप अधिक सरळ येतो, आणि हातही पात्यापासून दूर राहतो.

यावर साइटवरून येणारी हरकत खरी आहे. काम फुटांवर मिळतं, तपासणीत गेलेल्या अर्ध्या तासाचे पैसे कोणी देत नाही, आणि राहिलेली फट भुसा-फेविकॉल कालवून किंवा लांबी भरून झाकता येते. पण झाकण्यालाही वेळ लागतोच, तो फक्त वेगळ्या माणसाच्या नावावर पडतो: पॉलिशवाल्याच्या, किंवा दार घासतं म्हणून वर्षभरात पुन्हा बोलावलेल्या मिस्त्रीच्या. आठ कापांची एक चौकट दुसऱ्यांदा करण्यापेक्षा पाच कापांची एक चाचणी स्वस्त पडते. दुसरी हरकत अनुभवाची. वर्षानुवर्षं काम केलेल्या मिस्त्रीला या मोजमापांची गरज नाही, असं म्हणतात. मुरलेला हात पुष्कळ काही करतो: माइटर सॉचं पातं हळू उतरवतो म्हणजे ते वाकत नाही, काप झाल्यावर पातं पूर्ण थांबेपर्यंत वर उचलत नाही म्हणजे कड ओरबाडत नाही. पण वाकडी लागलेली गाइड चांगल्या हातालाही वाकडाच काप देते, तो फक्त अधिक सफाईने वाकडा असतो. आणि साइटवरचं यंत्र रोज टेम्पोत चढतं, जिन्यावरून आपटत जातं. काल खरी असलेली गाइड आज खरी असेलच, याची खात्री अनुभव देऊ शकत नाही, गुण्या देतो.

सगळ्यात वजनदार हरकत लाकडाची स्वतःची आहे. नाशकात मे महिन्यात हवा कोरडी आणि जुलैत ओलसर; लाकूड रुंदीत आक्रसतं आणि फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. मग पाव अंशाची काळजी कशाला करायची? प्लाय आणि एमडीएफ इतके कमी हलतात की त्यांच्या बाबतीत हा प्रश्न उभाच राहत नाही. सागाच्या चौकटीत तो खरा आहे, पण हंगामाची फट आणि करवतीची फट ओळखता येतात. करवतीची चूक जोडतानाच समोर असते. हंगामाची नंतर उघडते, आणि तिला दिशा असते: लाकूड आक्रसलं तर सांधा आतल्या कोपऱ्याकडे उघडतो, फुगलं तर बाहेरच्या टोकाकडे. एकाच चौकटीचे चारही कोपरे एकाच बाजूने सारखे उघडले असतील तर लाकूड हललं आहे. तीन घट्ट आणि एकच उघडा असेल तर गाइड तपासायला हवी. हा भेद करायचा तर काप आधी खरा असावा लागतो. नाहीतर दोन्ही चुका एकमेकींत मिसळतात आणि दोष दरवेळी पावसाळ्यावर टाकून मोकळं होता येतं.