तारेवरचा कावळा आणि हातातला पाइप

विजेच्या उघड्या तारेवर कावळा खुशाल बसतो. त्याला धक्का का बसत नाही? कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दोन्ही पायांखाली विजेचा दाब जवळजवळ सारखाच. म्हणून त्याच्या अंगातून वीज वाहत नाही.

तुम्ही मात्र जमिनीवर उभे असता. घरातल्या विजेचा दाब 230 व्होल्ट, तर शेतावरून जाणाऱ्या कित्येक तारांत तो 11,000 व्होल्ट असतो. या तारांवर रबराचे वेष्टण नसते; भोवतालची हवाच त्यांचे संरक्षक आवरण. विहिरीवर 6 मीटर लांबीचा लोखंडी पाइप उभा केला, की हे आवरण नाहीसे होते. तार, पाइप, माणूस, जमीन असा विजेचा मार्ग पुरा होतो. तारेला पाइप टेकायलाच हवा असेही नाही. अगदी जवळ आला तरी मधल्या हवेतून ठिणगी उडते. वाचवायला धावून पाइपला किंवा माणसाला हात लावणाराही त्याच मार्गात सापडतो.

तार तुटून पडली, तर भोवतालच्या जमिनीतही दाब पसरतो. तारेपासून जितके दूर, तितका तो कमी. तिथे लांब पाऊल टाकले, की दोन पायांखालचे दाब वेगळे होतात आणि अंगातून वीज वाहते. कावळ्याला लाभते ते तुम्हाला लाभत नाही! म्हणून दूरच थांबा, इतरांना थांबवा आणि वीज कार्यालयाला ताबडतोब कळवा.