केबिनची रात्रपाळी

स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस पर्वतावर जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये केबिनच्या काचेतून काढलेला बर्फाचा फोटो असतोच. एंगेलबर्गहून वर नेणाऱ्या, २०१५ साली सुरू झालेल्या टिटलिस एक्सप्रेसच्या या आठ आसनी केबिन रात्री जातात कुठे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

त्या दोरावरून उतरतात. केबिन दोराला कायमची जोडलेलीच नसते. सांडशीने पातेलं धरावं तशी तिच्या माथ्यावरची स्प्रिंगची पकड दोर धरते. स्थानकात शिरताच रूळ पकडीचा दांडा दाबतो, जबडा उघडतो. दोर त्याच वेगाने पळत राहतो आणि केबिन रबरी टायरांच्या रांगेखालून संथ सरकू लागते. शेवटची फेरी संपली की सांधा बदलून एकेक केबिन गॅरेजच्या रुळावर घेतात. बाहेर लटकत ठेवली तर वारा तिला झोडपणार आणि बर्फ चढून वजन वाढणार.

गॅरेजमधलं हे रात्रीचं काम पाहताना मला वाटलं होतं, मुख्य काम काचा पुसण्याचं असेल. पण कामगार जास्त वेळ घालवत होते दारांच्या रबरी कडा कोरड्या करण्यात. बुटांबरोबर आलेलं पाणी तिथे गोठलं, तर सकाळी दार नीट लागत नाही. मग बॅटरीच्या उजेडात पकडीच्या जबड्याची झीज बघायची. स्प्रिंगचा जोर स्थानकातलं यंत्र मोजतं. तो कमी भरला तर लिफ्ट आपोआप थांबते. तरीही माणूस बघतोच, आणि ते मला पटलं.

साध्या चेअरलिफ्टच्या खुर्च्यांना हे सुख नाही. त्या रात्रभर दोरावरच असतात. सकाळी दोर हळू फिरवत एकेक खुर्ची झाडावी लागते. त्यांच्या पकडी ठरावीक काळाने दोरावर पुढे सरकवतात, नाहीतर दोर एकाच जागी झिजतो. या दोराला गाठ नसते. दोन्ही टोकांचे पेड एकमेकांत विणलेले असतात, आणि तो जोड दोराच्या जाडीच्या बाराशे पट लांब ठेवतात. म्हणजे ४० मिलिमीटरच्या दोराला ४८ मीटर!

हिमकण चिकटणाऱ्या रात्री काही ठिकाणी रिकामा दोर संथ फिरता ठेवतात. तरीही खांबांवरच्या चाकांवर बर्फ धरलाच, तर पट्टा बांधून कुणीतरी वर चढतं आणि तो ठोकून काढतं.

आपल्या सहलींचं वेळापत्रक घट्ट असतं, ठाऊक आहे. पण सकाळी लिफ्ट उशिरा सुटणार असं कळलं, तर खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका. तोवर कॉफी घ्या.