उमेदवारीचे दिवस

'उमेदवार' या शब्दाला आज निवडणुकीचा वास लागलेला आहे. परंतु आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत मुंबईच्या गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात, छापखान्यात किंवा कचेरीत नव्याने लागलेला तरुण प्रथम उमेदवारी करी आणि ती पुरी झाल्यावरच त्याचे नाव कायम नोकरांच्या यादीत जाई. हातात अद्याप कसब नाही, खिशात पुरता पगार नाही, परंतु उमेद आहे, म्हणून तो उमेदवार. इस्राएलात याच अवस्थेला निरनिराळी नावे आहेत. शिक्षक व डॉक्टर यांची ती 'स्ताज', वकील व हिशेबतपासनीस यांची 'हितमाखूत', आणि शिक्षणक्रमाचा भाग म्हणून रुग्णालयात अथवा शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्याची 'हितनसूत'. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी सोळा वर्षांची मुलगी यांपैकी कोणत्याच नावाने ओळखली जात नाही. तथापि कामाच्या जगाचे पहिले धडे तीही तेथेच गिरवीत असते.

हे धडे तिला कोण देतो, हा आमचा प्रश्न आहे. शाळा थोडेफार सांगते, मैत्रिणी पुष्कळसे चुकीचे सांगतात, आणि आपल्या घरांतून कामावर निघालेल्या मुलाला जो उपदेश मिळतो तो बहुधा एका वाक्याचा असतो: मान खाली घालून काम कर, उलट बोलू नकोस. या उपदेशामागे अनुभव आहे, हे आम्ही जाणतो. दिमोना, बेरशेबा, लोद, अश्दोद येथे येऊन वसलेल्या आपल्या आजोबांपैकी कितीकांना हिब्रू येत नव्हती. मुंबईत कारकुनी केलेल्या गृहस्थाला येथे कारखान्याची पाळी धरावी लागली. हातचा रोजगार जाऊ नये म्हणून गप्प राहणे हे त्या काळी शहाणपणच होते. पण त्या दिवसांतील गरज आज घराचे वळण होऊन बसली आहे, आणि त्याची किंमत मुले मोजीत आहेत.

मागे आमच्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीने एका उपाहारगृहात काम धरले. पहिल्या दोन संध्याकाळी 'तू कशी काम करतेस ते पाहू' असे म्हणून मालकाने तिला राबविले, आणि महिनाअखेर त्या दोन संध्याकाळचे पैसे दिलेच नाहीत. मुलीने घरी विषय काढला. वडील म्हणाले, "दोन दिवसांचे काय ते! जाऊ दे, पोरी. मालकाशी वाद घालून कोणाचे भले झाले आहे?" आजीला तर नोकरीच जाईल ही चिंता. शेवटी ती आमच्याकडे आली आणि तिने विचारले, "बाई, पैसे मागितले तर वाईट दिसेल का हो?"

दोन संध्याकाळच्या पैशांपेक्षा हे 'वाईट दिसेल का' आम्हाला अधिक बोचले. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या मराठीतच म्हटले आहे. ज्या समाजाने ठिय्या धरून, उन्हातान्हात बसून, १९६४ साली क्नेसेतकडून आपण सर्वार्थाने यहुदी असल्याची ग्वाही मिळविली, त्याच समाजाची नात दोन दिवसांची मजुरी मागावयास लाजत होती! कायदा तर स्वच्छ आहे: परीक्षेचे दिवस असोत, शिकवणीचे असोत, की कामाबाबतच्या बैठकीचा तास असो, जो वेळ मालकाने घेतला त्याचे वेतन त्याने दिले पाहिजे. आम्ही तिच्याकडून हिब्रूत चार ओळी लिहवून घेतल्या. दोन तारखा, तासांची संख्या, येणे असलेली रक्कम, आणि पुढील पगारात ती मिळावी अशी विनंती. रागाचा एक शब्दही नव्हता. पुढील महिन्यात पैसे आले. मालक पूर्वीइतकाच गोड बोलत होता. कोणीतरी विचारीपर्यंत न देणे हा त्याच्या लेखी व्यवहाराचाच भाग होता, आणि विचारल्यावर देणे हाही!

तेव्हा पालकांना निदान मोठमोठे नियम ठाऊक असावेत. अल्पवयीनांच्या कामाचा कायदा येथे १९५३ सालचा आहे. पंधरा वर्षे पुरी झाल्याखेरीज मुलाला कामावर ठेवता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलास शाळेच्या सुट्टीत हलके काम करण्याची तेवढी मुभा आहे. अठराच्या आतील मुलाचे काम आठवड्यास ४० तासांहून आणि सर्वसाधारणपणे दिवसास ८ तासांहून अधिक नसावे. सोळा वर्षांखालील मुलास रात्री ८ नंतर, आणि त्यावरील मुलास सामान्यतः रात्री १० नंतर थांबवून घेता येत नाही. अल्पवयीनांचे किमान वेतन प्रौढांच्या किमान वेतनाच्या प्रमाणात ठरलेले आहे: सोळापर्यंत ७० टक्के, पुढील वर्षी ७५, त्यापुढील वर्षी ८३. कामाच्या अटींची लेखी सूचना देण्याचा कायदा २००२ सालचा. अल्पवयीनास ती ७ दिवसांत आणि इतरांस ३० दिवसांत मिळावयास हवी. पगाराबरोबर 'तलूश', म्हणजे पगारपत्रक, मिळालेच पाहिजे. आमचे वडील मुंबईतील पगाराच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे पत्र्याच्या पेटीत जपून ठेवीत. येथे जन्मलेली मुले तलूश उघडूनही पाहात नाहीत. किती तास लिहिले आहेत, कोणती रक्कम कापली आहे, हे न वाचता बँकेत आलेला आकडा पाहून समाधान मानतात. गल्ल्यात तूट आली अथवा बशी फुटली म्हणून मालकाने परस्पर पगार कापणे कायद्यास मान्य नाही, हे त्यांच्या गावीही नसते.

मजुरी वेळेवर देण्याविषयीची येथील कायद्याची भाषा आपल्याला अनोळखी वाटू नये. गेल्या महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ९ तारखेपर्यंत न दिल्यास १९५८ च्या वेतनरक्षण कायद्यात त्याला 'हलानत साखार' म्हणतात, म्हणजे मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवून घेणे. हा शब्द वायिक्रा या पुस्तकातील आज्ञेतून उचललेला आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून धरू नये अशी ती आज्ञा. आणि मिश्नाच्या बावा मेसिया या भागात तर याहून सूक्ष्म विचार आहे. पहाटे लवकर यावे व रात्री उशिरापर्यंत थांबावे असे मालक सांगू लागला, परंतु त्या गावची तशी वहिवाट नसेल, तर त्याला मजुरांवर सक्ती करता येत नाही. गावची वहिवाट हाच तेथे निकाल. नियम आणि रीत, दोहोंनाही आपल्या पूर्वजांनी मान दिला होता, तो असा.

कोकणात तेलाचे घाणे चालविणाऱ्या आपल्या पूर्वजांना शेजारीपाजारी 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. त्यांच्या पाठीशी कोणताही कायदा नव्हता. आज १९५१ च्या कामाचे तास व विश्रांती यांच्या कायद्याने आठवड्यास निदान ३६ तासांची सलग विश्रांती दिली आहे, आणि यहुद्यासाठी तीत शब्बाथ येतो. तरीदेखील 'शनिवारी रात्रीपूर्वी दुकान उघडावयाचे आहे, जरा लवकर ये' या निरोपाला नाही कसे म्हणावे, हे आपल्या मुलांना सुचत नाही. याही बाबतीत चार शांत शब्द पुरतात, आणि अल्पवयीनाच्या पाठीशी तर कायदा अधिकच ठामपणे उभा आहे.

आतापर्यंत सांगितले ते लिहिलेले. न लिहिलेले त्याहून कठीण.

येथे वरिष्ठाला नावाने हाक मारतात. सत्तर वर्षांच्या प्राध्यापकालाही विद्यार्थी 'योसी' म्हणतो. भारतातून मोठ्या वयात आलेल्या मुलाच्या जिभेवर ते नाव येत नाही, तो 'सर' म्हणतो आणि सगळे हसतात. येथे वाढलेला मुलगा मात्र त्या मोकळेपणावरून असे समजतो की येथे लहानमोठे काही नाहीच. दोघेही फसतात. नावाने हाक मारली तरी वेळेवर येणे, आजारी पडल्यास पाळी सुरू होण्यापूर्वी स्वतः फोन करणे, डॉक्टरचा दाखला आणणे, यांत कोणी सूट देत नाही. ओघाने सांगतो: आजारपणाच्या पहिल्या दिवसाचे कायद्याने काही मिळत नाही, दुसऱ्या व तिसऱ्या दिवसाचे निम्मे, चौथ्यापासून पूर्ण. सूचना समजली नसता मान डोलावणे ही आपली आणखी एक जुनी खोड. वरिष्ठाला ती 'समजले' अशी वाटते, आणि चूक झाल्यावर तो विचारतो, मग त्याच वेळी का बोलला नाहीस? प्रश्न विचारणाऱ्याला येथे मूर्ख समजत नाहीत. न विचारता चुकणाऱ्याला मात्र बेफिकीर समजतात.

आमच्या स्वतःच्या धंद्यातली गोष्ट सांगावयाची, तर अध्यापक विद्यालयात आम्ही पाठ देत असता निरीक्षक मागच्या बाकावर बसून वहीत शेरे लिहीत, आणि तो शेरा वाचावयास आमचे हात कापत. स्ताजच्या वर्षात येथील नव्या शिक्षकाला एक अनुभवी शिक्षक सोबतीला दिलेला असतो, आणि वर्षात त्याचे मूल्यमापनही होते. आपल्या मुली हे 'मशोव', म्हणजे कामाविषयीचे अभिप्राय, ऐकून घरी रडत येतात आणि आई म्हणते, "त्या बाईला आमची माणसे आवडत नाहीत." कधी तसेही असेल, आम्ही इतके भोळे नाही. परंतु शंभरातून बहुतेक वेळा ती बाई एवढेच म्हणत असते की फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस.

रुग्णालयात शिकणाऱ्या मुलामुलींवर आपल्याच समाजाकडून एक निराळा भार पडतो, त्याविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. शब्बाथची प्रार्थना संपते, सिनेगॉगच्या अंगणात मंडळी उभी असतात, आणि परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलीला मावशी गाठते: "अगं, अमक्यांना तुमच्याच वॉर्डात ठेवले आहे ना? काय निघाले?" विचारण्यात वाईट हेतू नसतो. कोणाच्या घरी डबा न्यावा, कोणासाठी प्रार्थना करावी, हेच मनात असते. परंतु १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन सर्व सेवकवर्गावर घातले आहे, आणि शिकाऊ उमेदवार त्यातून सुटत नाही. 'हो, आमच्याच वॉर्डात आहेत' एवढेही त्या मुलीने सांगू नये. तिने म्हणावे, "मावशी, हे मला सांगता येत नाही, तुम्ही त्यांच्या घरीच फोन करा ना." आणि मावशीने रुसू नये. एका वाक्यासाठी मुलीची जागा जाऊ शकते, आणि आजारी माणसाचा तर विश्वासच जातो. या ठिकाणी गप्प राहणे हाच तिचा धर्म. पगाराच्या ठिकाणी बोलणे हा. कोठे मुके व्हावे आणि कोठे बोलावे, हा भेद मुलांनी कोणाकडून शिकावा, हे आम्ही वर विचारले ते याचसाठी.

ज्या एका बाबतीत गप्प राहण्याचा उपदेश कोणत्याही घरातून होऊ नये, ती सांगताना आईबाप संकोचतात. वरिष्ठाचा हात, वरिष्ठाची चावट बोलणी, रात्री उशिरा येणारे संदेश. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा १९९८ सालचा आहे. २५ हून अधिक नोकर असलेल्या ठिकाणी त्याची नियमावली लावलेली असली पाहिजे, आणि तक्रार ऐकण्याची व्यवस्था प्रत्येक मालकाने केलीच पाहिजे. शिवाय अधिकाराचा गैरफायदा घेऊन केलेल्या आगळिकीत मुलीने तोंडाने स्पष्ट नकार दिला नव्हता ही सबब चालत नाही. 'तू हसलीस कशाला' हा प्रश्न घरातही कोणी विचारू नये.

हितनसूत आणि नोकरी यांत गल्लत करणाऱ्या संस्थाही असतात. शिक्षणक्रमातील प्रात्यक्षिकास बहुधा वेतन नसते आणि त्यात गैर काही नाही. परंतु शिक्षणसंस्थेशी काही संबंध नसताना 'अनुभव मिळेल' या शब्दावर महिनोन्‌महिने पूर्ण वेळ काम करून घेतले जात असेल, तर कागदावर काय नाव आहे यापेक्षा प्रत्यक्षात काय चालले आहे हे कामगार न्यायालय पाहते. वेतनाचा हक्क सोडतो अशी सही घेतली असली तरी तो हक्क जात नाही. कामावरून काढण्यापूर्वी बोलावून म्हणणे ऐकून घेण्याची, म्हणजे 'शिमूआ'ची, रीतही त्याच न्यायालयांनी दृढ केलेली आहे. त्या दिवशी मुलाने एकटे जाऊ नये, आणि तेथल्या तेथे कशावरही सही करू नये.

१९२४ साली स्थापन झालेली 'हानोआर हाओवेद वेहालोमेद' ही युवक संघटना अल्पवयीन कामगारांच्या तक्रारी ऐकते. तिच्याकडे जाण्यास मुलाला आईबापांचे हिब्रू चांगले असण्याची गरज नाही. जे पालक करारपत्र वाचू शकत नाहीत, त्यांनी ते घेऊन सुट्टी लागण्यापूर्वी कोणत्याही दिवशी शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे. मुलाला बरोबर आणावे, कारण पत्र त्यालाच लिहावयाचे असते. गेल्या तीन महिन्यांचे तलूश असल्यास तेही आणावेत, आणि कामाचे तास त्याने स्वतः कोठे टिपून ठेवले असतील तर ती वही.