फाटक्या आवाजातला गंधार

लंडनच्या चार्ली हार्परने आयुष्यात दोन कामं मन लावून केली. आधी लोकांचे केस कापले आणि मग इंग्रजी मुळाक्षरं गिरवली.

गिरवली म्हणजे अक्षरशः. १९७९ साली त्याच्या 'यूके सब्स' या पंक बँडचा पहिला अल्बम आला, 'अनदर काइंड ऑफ ब्लूज'. म्हणजे ए. पुढच्या वर्षी 'ब्रँड न्यू एज', बी. त्याच वर्षी 'क्रॅश कोर्स', हा भर कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेला. ब्रिटनच्या यादीत तो आठव्या क्रमांकापर्यंत गेला. मग 'डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी', मग 'एन्डेंजर्ड स्पीशीज', 'फ्लड ऑफ लाइज'. एव्हाना ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं की गडी ओळीने चाललाय. पण इतकं लक्षात येणं वेगळं आणि गडी शेवटपर्यंत जाईल असं वाटणं वेगळं. पंक बँडचं आयुष्य ते किती? सेक्स पिस्टल्सनी एक अस्सल अल्बम काढला आणि सव्वादोन वर्षांत दुकान बंद केलं. हार्पर २०१६ साली झेडला पोचला, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. त्या अल्बमचं नाव 'झीझो'. हा डच शब्द आहे. आपण पाट्यावरचं वाटण संपवून कंबर सरळ करताना म्हणतो ना, 'चला, झालं एकदाचं', तोच त्याचा अर्थ.

मधली गंमत एक्सची. एक्सवरून सुरू होणारे शब्द इंग्रजीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २०१३ च्या त्या अल्बमला यांनी नाव दिलं रोमन आकड्यातलं चोवीस, जे लिहिताना एक्सनेच सुरू होतं. आणि एक्स हे चोविसावंच अक्षर! मला हे कळलं त्या दिवशी मी बदलापूर लोकलमध्ये उभ्याउभ्या एकटाच हसलो. शेजारच्याने सरकून जागा दिली, ती बहुधा भीतीने.

हे आपल्या मुळाक्षरांत करून बघा. 'क' ते 'घ' मजेत जाईल, 'ङ'ला गाडी अडेल, 'ञ'ला आणि 'ण'ला पुन्हा अडेल. अंताक्षरीत 'ण' आला की 'न' धरायचा ही सवलत आपण पिढ्यान् पिढ्या घेतोय. हार्परनेही थोडी सवलत घेतलीच. पी या अक्षराला त्याने बीबीसी रेडिओसाठी वाजवलेल्या जुन्या 'पील सेशन्स' पुढे केल्या. पण सदतीस वर्षं पाटी खाली ठेवली नाही. बँडमधली माणसं तर इतकी बदलली की तमाशाच्या फडाची आठवण यावी. फडाचं नाव तेच, म्होरक्या तोच, बाकी ताफा हंगामागणिक नवा.

या माणसाशी माझी गाठ पडली ती उल्हासनगरात. ९३-९४ चा सुमार. मी बदलापूरला राहायचो, अजूनही राहतो. कॅसेट घ्यायला दोन स्टेशनं मागे यायचं, कारण बदलापुरात तेव्हा भाताची खाचरं जास्त आणि दुकानं कमी. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद कल्याणपलीकडच्या प्रत्येक घरात झालेला आहे. मी घेतलेली गन्स एन रोझेसची 'द स्पॅगेटी इन्सिडेंट?' ही कॅसेट कुठल्या यूएसएची होती, हे मुखपृष्ठाच्या उडालेल्या रंगावरून मी ओळखायला हवं होतं. कॅसेटवर सगळी दुसऱ्यांची गाणी. त्यातलं एक 'डाउन ऑन द फार्म'. शेतावर राहून जीव विटलेल्या माणसाचं रडगाणं, तेही मुद्दाम इंग्लिश हेल काढून गायलेलं. खिडकीबाहेर बेडूक ओरडतायत, सातनंतर वीज नाही, आणि कानात हे! हे गाणं बदलापुरात बसून कुणीतरी लिहिलंय अशी माझी खात्री झाली. ते यूके सब्सचं होतं, १९८२ च्या 'एन्डेंजर्ड स्पीशीज'मधलं, हे कळायला इंटरनेट यावं लागलं.

मग मूळ ऐकलं आणि अडकलो. हार्परचा आवाज गोड नाही. मधूनच तो माउथ ऑर्गन काढतो, कारण तो मुळातला ब्लूजवाला. पंक आलं १९७६ मध्ये, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता आणि बाकीची पोरं विशीच्या आत-बाहेर. त्यांच्यासाठी तो पहिल्या दिवसापासून काकाच. पण मला अडकवलं ते गिटारने. दोन-तीन कॉर्ड, करवतीसारखा आवाज, आणि त्या खरखरीच्या आत काहीतरी गोड. ते गोड कुठून येतं? पुष्कळ वर्षं मला वाटायचं, कानाचा भास.

भास नाही. ते मोजता येतं.

पंकमध्ये बरेचदा पूर्ण कॉर्ड वाजवतच नाहीत. त्यातले दोनच स्वर घेतात, सा आणि प. याला म्हणतात पॉवर कॉर्ड. गिटारची पाचवी तार मोकळी छेडली की ती सेकंदाला ११० वेळा कापते. तो झाला सा. चौथ्या तारेवर दुसऱ्या पट्टीत बोट ठेवलं की जवळपास १६५. तो प. दोनास तीन हे प्रमाण. तंबोऱ्यात खर्जाचा सा आणि प यांच्या तारांचंही प्रमाण हेच, त्यामुळे आपला कान या जोडीला जन्मापासून सरावलेला.

आता ही जोडी स्वच्छ अ‍ॅम्प्लिफायरमधून सोडली तर दोनच स्वर ऐकू येतील. पण पंकवाला अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ ठेवतो कुठे? तो त्याच्या ताकदीबाहेर ताणतो. लाटेची उंची त्या यंत्राला झेपत नाही, मग तिचं डोकं छाटलं जातं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवरची कमान रेल्वेपुलाखाली अडकते आणि वरचा कळस मोडून गाडी पुढे जाते, तसं. दोन लाटा एकत्र जाताना हे झालं तर छाटणी दोघींची मिळून होते, आणि त्या एकमेकींत गुंततात. त्या गुंत्यातून नवे स्वर जन्माला येतात. त्यांचं गणित दुसरीच्या पोराला जमेल असं आहे: बेरीज आणि वजाबाकी.

वजाबाकी करू. १६५ उणे ११० म्हणजे ५५. हा पुन्हा सा, पण एक सप्तक खाली. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली तरी ८२ च्या खाली जात नाही. म्हणजे जो स्वर त्या वाद्यात नाहीच, तो स्पीकरमधून येतोय. तीन माणसांचा बँड दहा जणांचा वाटतो त्याचं एक कारण हे.

बेरीज करू. १६५ अधिक ११०, २७५. वरच्या सप्तकातला सा २२०, आणि त्याच्या सव्वापट २७५. सव्वापट म्हणजे गंधार. शुद्ध, अगदी काटेकोर गंधार, जो कुणीही वाजवलेला नाही.

इथे मला तंबोरा आठवल्याशिवाय राहत नाही. तंबोऱ्यालाही गंधाराची तार नसते. तरी जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो; गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तिथे तो तारेच्या स्वतःच्या पाचव्या उपस्वरातून येतो, म्हणजे वाट निराळी. पण जवारी म्हणजे तरी काय? तारेने घोडीवर मोकळं कापू नये, तिच्या रुंद पाठीला हलकेच घासत राहावं, म्हणून केलेली करामत. मिरजेचे कारागीर त्या घोडीवर कानस आणि कान दोन्ही लावून बसतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते अशा हातांमुळे. थोडक्यात, आपणही स्वच्छ आवाज मुद्दाम खरखरीत करतो. आपण कानस वापरतो. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने दाढीच्या ब्लेडने स्पीकरचा कागदच फाडला होता, आणि तो फाटका आवाज पुढे साऱ्या पंकवाल्यांना वारशाने मिळाला.

मग गंधार मुळातच का वाजवू नये? वाजवून बघा. गिटारच्या पट्ट्यांवरचा गंधार असतो १३८.६ ला, नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा. तो ताणलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घुसला की वजाबाक्या होतात आणखी दोन, एक साडेअठ्ठावीसच्या पुढे, दुसरी सव्वीसच्या जरा वर. दोघी जवळजवळ सारख्या, पण सारख्या नाहीत. त्यांची घरघर एकमेकींत अडखळते आणि चिखल होतो. बोलावला तर गंधार घाण करतो, न बोलावता आला तर सोनं होतं. ज्या पोरांना तीनच कॉर्ड येत होत्या त्यांना हे गणित ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी कानाने ऐकलं आणि जे बरं वाटलं ते ठेवलं.

लंडनमधल्याच एशियन डब फाउंडेशनचा गिटारवाला तर याही पुढे गेला. तो गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात लावायचा, आवाज फाटेपर्यंत चढवायचा आणि तारांवर सुरी फिरवायचा. त्याचं नाव स्टीव्ह चंद्रा सावळे. आडनाव वाचून तुमचेही कान टवकारले असतील.

आता माझ्या अंगणात येतो. आमच्या पट्ट्यातलं, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि मधली आगरी गावं यांतलं, सगळ्यात फाटक्या आवाजाचं वाद्य म्हणजे बेंजो. हळद असो, भीमजयंती असो, गणपती असो, टेम्पोवर कर्णे बांधून जे वाजतं ते. अमेरिकन बँजोशी त्याचा संबंध नावापुरता. त्याचं जन्मगाव जपानमधलं नागोया, साल १९१२. गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइपरायटरची बटणं तारांवर बसवली. बटण दाबा, तार दबते, स्वर बदलतो. ज्याला सूर शोधत बसायला सवड नाही त्याच्यासाठी केलेलं वाद्य. तैशो राजवट त्याच वर्षी सुरू झाली होती, म्हणून नाव पडलं तैशोगोतो. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, सिंध-बलुचिस्तानात बेंजू झालं, मुंबईत बेंजो. १९४७ नंतर कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ मध्ये राजगोपालाचारींनी कोनशिला बसवलेलं हे गाव नदीच्या नावाने उल्हासनगर झालं. सिंधीतला बेंजू आणि मराठीतला बेंजो एका रेल्वेफाटकाच्या अंतरावर आले. उल्हासनगरात कापडाचा एक जपानी बाजारही आहे. त्याचा या वाद्याशी संबंध नाही, पण तिथून जाताना मला दर वेळी नागोया आठवतं. आणि जर्मनीतल्या 'नॉय!' या बँडच्या १९७२ च्या पहिल्या अल्बमवर क्लाउस डिंगरच्या नावापुढे ड्रमच्या जोडीला वाद्य लिहिलंय 'जपान बँजो'. ते हेच. त्या बँडला मानणारे पंकवाले कमी नाहीत.

गेल्या मे महिन्यात अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या एका गावात हळदीला गेलो होतो. मांडवाबाहेर टेम्पो लागलेला, जनरेटर धडधडतोय, ताशेवाला ताशा शेकतोय. बेंजोवाला पंचविशीचा पोरगा, दिवसा एमआयडीसीत पाळी करणारा. सुरू व्हायला वेळ होता. मी त्याच्या कानाला इअरफोन लावला आणि यूके सब्सचं १९८० सालचं 'वॉरहेड' ऐकवलं.

अर्धा मिनिट ऐकून तो म्हणाला, "काका, यात गाणं कमी, ठोकाठोकी जास्त हाय." आणि बोलता बोलता त्याच्या बोटांनी सुरुवातीचा बेसचा तुकडा बटणांवर शोधलासुद्धा.

मी विचारलं, बाजूच्या सुराच्या तारा का नाहीत? मूळ वाद्यात असतात.

"काढल्या. कर्ण्यात घरघर होते."

"आज एकदा लाव. एक सा, एक प."

जरा तोंड वाकडं करून त्याने लावल्या. खुंटी पिळताना मान तिरकी, डोळे मिटलेले. मग मी आवाज पुरा चढवायला सांगितला. दोन्ही तारा एकदम छेडल्या आणि कर्णा असा काही गर्जला की मांडवातली दोन पोरं कानावर हात ठेवून पळाली. पोरगा थांबला. पुन्हा छेडलं. कर्ण्याकडे बघत राहिला, जणू तिथे कुणी बसलंय.

"ग बोलतोय," तो म्हणाला.

खात्री करायला त्याने गंधाराचं बटण दाबून तो स्वर वेगळा वाजवला. मग परत सा-प. मग परत बटण. तिसऱ्या वेळी त्याने नाक मुरडलं.

"काका, बटण चढं हाय. कर्ण्यातला बरोबर हाय."

तेवढ्यात आतून नवऱ्याच्या आत्याने हाक मारली, हळद वाळायला लागली, वाजवताय की नाही. त्याने दोन्ही तारा सैल केल्या आणि ताशेवाल्याकडे बघून मान हलवली.