पाणी अडवू नका, पाणी जिरवू नका

शेतासाठी ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्राला पाठ आहे. गाडीचा नियम नेमका उलटा. कारखान्यात पत्र्याच्या रंगकामाची तपासणी करण्यात माझी सगळी नोकरी गेली. राहते मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला. सोसायटीतल्या गाड्यांकडे माझं लक्ष जातंच, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: भर पावसात भिजणारा टप शाबूत राहतो, पत्रा सडतो तो खालून.

त्याचं कारण साधं आहे. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की त्याला वेग येतो; मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या पुढे असते. त्यात मीठ. खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत-रासायनिकच असते. वर्सोवा, मार्वे, गोराईकडे समुद्राचा वारा. आमच्याकडे ठाण्याची खाडी आणि मुलुंड-भांडुपची मिठागरं. टपावरचं पाणी ओघळून वाळतं. चाकावरच्या कमानीत बसलेला चिखल मात्र दिवसेंदिवस ओला राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत बरंच नुकसान झालेलं असतं.

कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीच्या काळापेक्षा आजच्या गाड्या बऱ्या आहेत. बऱ्याच ठिकाणी पत्र्यावर जस्ताचा थर असतो आणि सगळा सांगाडा प्रायमरमध्ये बुडवून विजेच्या मदतीने प्रायमरचा थर कोनाकोपऱ्यात बसवतात. पण खडी लागून रंगाचा एक टवका उडाला की तिथलं संरक्षण कमकुवत होतं. पुढचं काम आपलं.

रोज सकाळी ओलं फडकं फिरतं ते फक्त दिसणाऱ्या भागावर. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चाकांच्या कमानी आतून, कमानीची दुमडलेली कड आणि दाराखालची पट्टी पाण्याने धुवा. बाजूने पाइप धरला तरी पुरतं; नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाडीलगतच्या काही सोसायट्यांत बोअरिंगचं पाणी खारट असतं. तसं असेल तर शेवटचा हात गच्चीच्या पाइपाखाली बादली लावून धरलेल्या पावसाच्या पाण्याने फिरवा. पिण्याचं पाणीही वाचतं. कपड्यांची पावडर नको, ती मेणाचा थर उतरवते. गाडीचा शाम्पू वापरा.

मग दार उघडून त्याची खालची कड बघा. तिथे पाणी निघून जायला छोटी भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पाणी दारातच साठतं. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने ती मोकळी करा. तार नको, रंग खरवडला जातो. काचेखाली, वायपरच्या मुळाशी असलेली जाळीही तपासा. गुलमोहर किंवा सोनमोहराखाली गाडी लावत असाल तर बारीक पानं तिथे हमखास अडकतात. पायाखालची मॅट उचलून गालिचा दाबून बघा. ओल लागली तर ऊन पडताच चारही दारं उघडी ठेवा. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेलं पाणी गाडीत शिरलं असेल, तर गालिचा काढून खालचा फोमही वाळवावा लागतो.

टवका दिसला तर कोरड्या दिवशी लगेच हाताळा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत गंज घासा, कडा ४०० नंबरने सपाट करा, थिनरने पुसा. प्रायमरचे पातळ थर द्या, वाळल्यावर टचअपचा रंग, वर क्लिअर लॅकर. रंगाचा कोड सहसा दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. गंजावरच रंग मारला तर गंज आत पसरतच राहतो. खालून मारायच्या काळ्या कोटिंगचंही तसंच. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर ते मारलं तर ओल आत कोंडते. प्लॅस्टिकचं कव्हरही ओल्या गाडीवर घालू नये.

मे महिन्यात, पावसाआधी, धुऊन वाळलेल्या गाडीला मेणाचं पॉलिश करा. आणि दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, तेव्हा पाऊसही परतीला लागलेला असतो. वर्षाची तपासणी करायला तो दिवस उत्तम. हार घालण्याआधी टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसा, चारही कमानींतून बोटं फिरवा आणि दारांची भोकं मोकळी करा. गाडीची खरी पूजा ती आहे, आणि तिला खर्च जवळपास शून्य.