मानवतच्या बाजारात कापसाचा भाव लांबीवर ठरतो, आणि ती लांबी असते एकाच पेशीची

दिवाळीच्या आगेमागे परभणी जिल्ह्यातल्या मानवतला गेलात, तर कापसाने भरलेल्या गाड्या दिसणारच. मराठवाड्यात कापसाची बाजारपेठ म्हणून ज्या गावांची नावं घेतली जातात, त्यात मानवत आहेच. कापूस बघणारा माणूस गाडीतून मूठभर कापूस काढतो, त्यातला छोटा झुबका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो आणि धाग्याची लांबी बघतो. त्या लांबीवर भाव ठरतो.

आता यातली गंमत बघा. तो जी लांबी बघतोय, ती एका पेशीची लांबी आहे. अनेक पेशी एकापुढे एक जोडून झालेला हा धागा नाही. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पेशी.

आपल्यापैकी बहुतेकांनी पेशी पाहिली ती शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत. केंद्रक, रिक्तिका, तंतुकणिका अशी नावं पाठ केली, परीक्षेत बाण काढून लिहिली आणि विसरलो. पण याच नावांवर क्विंटलमागे शेकडो रुपये इकडचे तिकडे होतात. कसं, ते समजून घेऊया.

आधी भावाचा हिशोब

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. म्हणजे फरक ४०० रुपयांचा.

मध्यम धागा म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर. लांब धागा म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर. थोडक्यात, एक पेशी पाच मिलिमीटर जास्त वाढली की क्विंटलमागे ४०० रुपये जास्त. खुल्या बाजारातले भाव वरखाली होतात, पण लांबीला किंमत तिथेही असतेच.

पेशी म्हणजे नेमकं काय?

घर जसं विटांचं, तसं शरीर पेशींचं, असं आपण ऐकलेलं असतं. पण वीट निर्जीव असते. पेशी स्वतः अन्न घेते, ऊर्जा तयार करते, कचरा बाहेर टाकते आणि बऱ्याचदा स्वतःसारखी दुसरी पेशीही तयार करते. जिवंतपणाचं सर्वांत लहान एकक म्हणजे पेशी.

१६६५ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले. त्या कप्प्यांना त्याने नाव दिलं, तेच पेशीचं इंग्रजी नाव झालं. खरं तर त्याने पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती. जिवंत सूक्ष्मजीव पुढच्या काही वर्षांत पाहिले ते हॉलंडच्या ल्युवेनहॉकने, आणि हा गृहस्थ पेशाने कापडाचा व्यापारी होता. त्या काळी कापडवाले सुताचा दर्जा बघायला भिंग वापरत. ल्युवेनहॉकने त्याहून कितीतरी ताकदीची भिंगं स्वतःच्या हाताने घासून बनवली.

पुढे १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी सांगितलं की सगळ्या वनस्पती आणि प्राणी पेशींचेच बनलेले आहेत.

एका बोंडात लाखो पेशींची शर्यत

कपाशीचं फूल उमलतं तेव्हा पांढरट-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, हे शेतकऱ्याला माहीत असतं. फूल उमलतं त्याच दिवसाच्या आसपास आत एक मोठी गोष्ट घडते. आतल्या कोवळ्या बीजाच्या, म्हणजे पुढे होणाऱ्या सरकीच्या, सालीवरच्या साधारण दर चार पेशींपैकी एक पेशी फुगून वर येते. हीच कापसाच्या तंतूची सुरुवात.

एका सरकीवर असे साधारण १० ते २० हजार तंतू असतात. एका बोंडात तीसेक सरक्या धरल्या, तरी आकडा काही लाखांवर जातो.

झाडाच्या साध्या पेशीची लांबी बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच असते. ही पेशी मात्र २५ ते ३० मिलिमीटरपर्यंत जाते. तिची जाडी बोटाएवढी आहे असं समजलं, तर लांबी वीस मीटरच्या पुढे जाईल!

हे कसं जमतं? यासाठी पेशीचे भाग एकेक करून बघूया.

केंद्रक: हुकूम कुठून सुटतो

केंद्रकात डीएनए असतो. तंतू किती लांब होऊ शकतो, त्याची कमाल मर्यादा इथे लिहिलेली असते. म्हणून वाणाला महत्त्व.

आपल्या शेतात सध्या दिसणाऱ्या अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२ गुणसूत्रं असतात, तर जुन्या देशी कपाशीत २६. देशी कपाशी पाण्याचा ताण आणि रसशोषक किडी चांगल्या सोसते, पण तिचा धागा सहसा आखूड. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाण तयार केले, त्यातला पीए २५५ हा एक. म्हणजे देशी काटकपणा ठेवून केंद्रकातली लांबीची मर्यादा वाढवायची, असा हा प्रयत्न.

पण डीएनए फक्त मर्यादा सांगतो. पेशी तिथपर्यंत पोचते का, हे पुढच्या भागांवर अवलंबून असतं.

रिक्तिका: लांबी देते पाण्याची पिशवी

वनस्पतीच्या पेशीत मध्ये एक मोठी पाण्याची पिशवी असते, ती रिक्तिका. तंतूच्या पेशीत ती जवळपास सगळी जागा व्यापते. पेशी या पिशवीत पोटॅशियम, साखर आणि सेंद्रिय आम्लं साठवते. आत क्षार-साखर जास्त झाली की बाहेरचं पाणी आपोआप आत शिरतं. यालाच शाळेत परासरण म्हणायचे. मिठाच्या पाण्यात ठेवलेली कैरी सुरकुतते आणि साध्या पाण्यात भिजवलेला हरभरा फुगतो, त्यामागेही हेच.

पाणी शिरलं की आतून दाब येतो आणि पेशीची कोवळी भिंत ताणली जाते. ती गोल न फुगता लांबच का होते? कारण भिंतीतले सेल्युलोजचे बारीक धागे पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असतात. लांबट फुग्याला ओळीने आडवे रबर लावून फुगवून बघा, तो जाड न होता लांबच होईल.

फूल उमलल्यापासून साधारण २० दिवस ही वाढ चालते. जोरात असताना ती दिवसाला दोन मिलिमीटरपर्यंत जाते. नेमका याच दिवसांत पावसाने मोठा खंड दिला तर? पाणी नाही, दाब नाही, लांबी नाही. नंतर कितीही पाऊस पडला तरी तो तंतू पुन्हा लांब होत नाही. कोरडवाहू शेतात आखूड धागा येण्यामागचं एक मोठं कारण हे आहे. पोटॅश कमी पडलं तरी तोच परिणाम, कारण पाणी आत ओढणारं मीठच कमी.

हरितलवक आणि तंतुकणिका: माल आणि मजुरी

पांढरा तंतू स्वतः अन्न तयार करत नाही. त्याला साखर येते पानांतून. पानांच्या पेशींत हरितलवकं असतात, ती उन्हाच्या जोरावर हवा-पाण्यापासून साखर बनवतात. हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडलं की हरितद्रव्य घटतं, पानं लाल पडतात. शेतकरी त्याला ‘लाल्या’ म्हणतो. लाल्या दिसतो पानावर, पण त्याची वसुली होते बोंडात, कारण तंतूला पुरवठाच कमी होतो.

आलेल्या साखरेतली काही तंतुकणिकांमध्ये वापरली जाते आणि तिच्यातून पेशीला ऊर्जा मिळते. उरलेली बरीचशी जाते भिंत बांधायला.

पेशीभित्तिका: वजन आणि ताकद इथे

सोळाव्या-विसाव्या दिवसाच्या सुमारास लांबी थांबत येते आणि काम बदलतं. आता पेशी आतल्या बाजूने भिंत जाड करू लागते. पेशीपटलात बसलेली प्रथिनांची यंत्रं साखरेचे रेणू एकापुढे एक जोडून सेल्युलोजच्या दोऱ्या विणतात. दिवसागणिक एक थर चढतो. तंतू आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर लाकडातल्या वलयांसारखे हे थर दिसतात. लाकडात वलय वर्षाचं, इथे दिवसाचं.

हे काम ४०-४५ व्या दिवसापर्यंत चालतं. पिकलेल्या तंतूचा साधारण ९५ टक्के भाग सेल्युलोजच असतो. म्हणजे आपण विकतो ती प्रामुख्याने पेशीची भिंत.

कापसाच्या खरेदीत ‘मायक्रोनेअर’ हा शब्द ऐकला असेल. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडून ती किती सहज पार होते, हे त्यात मोजतात. तंतू किती बारीक आणि त्याची भिंत किती भरलेली, याचा अंदाज त्यावरून येतो. हमीभावात लांब धाग्यासाठी हा आकडा ३.५ ते ४.३ असा धरला आहे. भिंत भरलीच नाही तर आकडा खाली येतो, सुतात गुठळ्या होतात आणि रंग सारखा बसत नाही.

थंड रात्री सेल्युलोज बनण्याचा वेग मंदावतो. म्हणून उशिरा लागलेल्या आणि फरदडीच्या बोंडांत कापूस दिसतो, पण भिंत भरलेली नसते.

पेशीपटल: दारावरचा राखणदार

भिंतीच्या आत एक पातळ पटल असतं. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे ते ठरवतं. हे पटल फुटलं की पेशी मेली.

बीटी कापूस याच गोष्टीवर चालतो. भारतात २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. बीटीचं प्रथिन बोंडअळीच्या आतड्यातल्या पेशींच्या पटलावरच्या विशिष्ट प्रथिनांना चिकटतं आणि पटलाला भोकं पाडतं. पाणी आत घुसतं, पेशी फुगून फुटतात, अळी मरते. माणसाच्या आतड्यातल्या पेशींवर ही प्रथिनं त्या रूपात नसतात, म्हणून आपल्यावर तो परिणाम होत नाही.

मग गुलाबी बोंडअळी परत का आली? पिढ्यान्‌पिढ्या तेच प्रथिन समोर आल्यावर, ज्या अळ्यांच्या पटलावरची ती प्रथिनं बदललेली होती त्याच वाचल्या आणि वाढल्या. कुलूप बदललं, जुनी किल्ली लागेना. २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांनी याची मोठी किंमत मोजली.

मेलेल्या पेशीचा पीळ

बोंड फुटतं तेव्हा तंतूतलं पाणी उडून जातं. पेशी मरते. गोल नळी चपटी होते आणि वाळताना स्वतःभोवती पिळली जाते. हा पीळ फार मोलाचा, कारण त्यामुळे तंतू एकमेकांत अडकतात आणि सूत कातता येतं.

सावरीचा कापूस आठवा. त्याचे तंतूही एकेका पेशीचेच, पण गुळगुळीत आणि बिनपिळाचे. म्हणून तो उशीत भरतात, त्याचं सूत सहज निघत नाही.

जिनिंगमध्ये रुई वेगळी होते आणि उरते सरकी. तिच्यातल्या पेशी मात्र जिवंत असतात. तेल आणि प्रथिनं साठवून त्या झोपलेल्या असतात, ओल मिळाली की जाग्या होतात. त्यातलंच तेल आपण काढतो आणि पेंड जनावरांना घालतो.

मग शेतकऱ्याच्या हातात काय?

पाऊस हातात नाही. पण पेशीचं वेळापत्रक माहीत असेल तर काही गोष्टी आहेत. एखादं संरक्षित पाणी देता येत असेल, तर फुलं लागल्यानंतरचे पहिले तीन आठवडे सर्वांत मोलाचे. माती परीक्षण करून पोटॅश आणि मॅग्नेशियमची कमतरता आधीच भरून काढणं शहाणपणाचं. पहिल्या वेचणीचा भरलेला कापूस आणि शेवटचा कवडी कापूस एकत्र केला, तर चांगल्या पेशींचा भावही पडतो, म्हणून तो वेगळा ठेवावा.

आणि ओल. सेल्युलोज हवेतलंही पाणी धरून ठेवतं. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओल मान्य असते, पुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कमी होत जातो आणि त्यावर खरेदीच होत नाही. सकाळचं दव उडाल्यावर वेचायचं, ही घरातल्या मोठ्यांची सांगी त्यामुळेच पक्की आहे.

अंगावरच्या सुती शर्टाचा एखादा धागा उसवला, तर त्यातला एक केसाएवढा तंतू सोडवून उजेडात धरून बघा. भिंगाशिवाय नुसत्या डोळ्यांनी अख्खी पेशी बघायची एवढी सोपी संधी दुसरीकडे क्वचितच मिळते.