जुलै ते जानेवारी : सातत्य नेमके कुठे तुटते?
(लेखांक सहावा)

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होत आली आहे, आणि ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण शर्यतीसाठी सहा महिन्यांची तयारी धरली, तर उपनगरांतील धावपटूचा सराव ऐन जुलैमध्ये सुरू होतो, ज्या एका महिन्यात सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. पावसात गणपती, पाठोपाठ नवरात्र, मग ऑक्टोबर हीट आणि तिला लागून दिवाळी अशी रांग असते. हवेत जरा गारवा येईपर्यंत शर्यत सात-आठ आठवड्यांवर येऊन ठेपलेली असते. या काळात सराव सुटला की इच्छाशक्ती कमी पडली, असा ठपका धावपटू स्वतःवरच ठेवतो. हा ठपका बहुतेक वेळा अन्यायाचा असतो, कारण सराव मोडतो तो सणवार आणि ऋतू न पाहता आखलेल्या वेळापत्रकामुळे, आणि त्याहूनही अधिक, हातातल्या घड्याळाचे आकडे चुकीचे वाचल्यामुळे.

या दुसऱ्या कारणाचा उलगडा शरीरशास्त्रातून होतो. धावताना स्नायूंत निर्माण होणाऱ्या उष्णतेचा निचरा मुख्यतः घाम वाळण्यातून होतो. घाम नुसता गळून भागत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. ऑक्टोबरात ऊन तापते, पण दमटपणा सरत नाही, त्यामुळे बनियन पिळून काढण्याइतका घाम येऊनही अंग थंड होत नाही. अशा वेळी हृदयाला स्नायूंबरोबरच त्वचेकडेही जास्तीचे रक्त पाठवावे लागते, घामावाटे पाणी गेल्याने रक्तातील द्रवभाग घटतो, दर ठोक्यागणिक कमी रक्त बाहेर पडते आणि वेग तोच असूनही नाडी हळूहळू चढत जाते. या चढण्याला ‘कार्डियाक ड्रिफ्ट’ म्हणतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा चढाचा रस्ता ऑगस्टच्या भिजलेल्या पहाटे ज्याने सहज पार केला, त्यालाच तो ऑक्टोबरात जड जातो, काही मिनिटे जास्त लागतात, आणि ‘तीन महिने फुकट गेले’ अशी त्याची समजूत होते. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. उष्ण हवेत दहा ते चौदा दिवस बेताने धावत राहिल्यास रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि ही कमाई पुढे उपयोगी पडते. म्हणून या महिन्यात वेग बाजूला ठेवून श्रमाचे माप धरावे, आणि सोबत धावणाऱ्याशी धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येते का, ही जुनी कसोटी त्यासाठी पुरेशी आहे.

पोहण्यात हीच चूक दुसऱ्या रूपाने होते. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असल्याने तेथे ताकदीपेक्षा शरीराची आडवी, सरळ ठेवण महत्त्वाची ठरते, आणि ही ठेवण सुधारत असताना घड्याळातील वेळ आठवडेच्या आठवडे जागची हलत नाही. त्याऐवजी तलावाची एक लांबी कापण्यासाठी किती हात मारावे लागले, हे मोजावे. ५६ चे ५० झाले असतील, तर वेळ तीच असूनही प्रगती झालेली असते. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातील किंवा मुलुंडच्या प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील तलाव धावपटूलाही आधाराचा आहे, कारण पाणी अंगातील उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि सांध्यांवर आदळआपट होत नाही. मात्र हाडे आणि स्नायुबंध रस्त्यावरच तयार होतात, तेव्हा पोहणे हा धावण्याला पूर्ण पर्याय नव्हे.

आता पहिल्या कारणाकडे, म्हणजे वेळापत्रकाकडे वळू. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये ‘जर-तर’ स्वरूपाच्या संकल्पाचे महत्त्व मांडले : कोणती अडचण आली असता नेमके काय करायचे, हे आधीच ठरलेले असले की ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. ‘पाच वाजता पाऊस कोसळत असेल, तर तलावाची सकाळची बॅच’ हा असा संकल्प. आदल्या रात्री ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवणे हाही त्याचाच भाग मानावा, कारण पावसाळ्यात कित्येक पहाटा ओल्या बुटांपायीच वाया जातात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. व्यक्तीव्यक्तींतील तफावत १८ ते २५४ दिवस इतकी मोठी होती, आणि अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा खंड पडला नाही.

गणपतीचे दहा दिवस सराव बंद राहिला तरी आधीची मेहनत वाहून जात नाही. विश्रांतीत आधी घटतो तो रक्तातील द्रव, आणि तो सराव पुन्हा सुरू होताच काही दिवसांत भरून येतो. धोका आहे तो बुडालेले किलोमीटर एका आठवड्यात वसूल करण्याच्या हट्टात, कारण दम लवकर परत येतो, पण स्नायुबंधांना तो वाढीव भार सोसत नाही आणि पोटरी किंवा टाच दुखावून बसते. पुढील लेखांकात या दुखापतींचा विचार करायचा आहे. तोवर वाचकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये गणेशचतुर्थीपासून भाऊबीजेपर्यंतच्या सुट्ट्या आधी खुणावून घ्याव्यात आणि धावण्या-पोहण्याचे दिवस उरलेल्या चौकटींत लिहावेत.